आखूड चंद्र

“पत्त्यांत पुन्हा चंद्रच निघाला गं,” थोरली फोनवर म्हणाली. “तेव्हा बुधवारचं आपण राहू देऊ या.”

धाकटीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने अशा काही जोराने टेबलावर ठेवला की अर्धा चहा बशीत आणि उरलेला वर्तमानपत्रावर गेला.

“कसले पत्ते? त्याच बाईचे का?”

“टॅरो म्हणतात त्याला.”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. तुझ्या गळ्यात गाठ आहे, ताई. पत्त्यांत नाहीये ती.”

“ओरडू नकोस. मी ऐकतेय.”

“कुठे ऐकतेयस? दोनदा तारीख घेतलीस, दोनदा मोडलीस. सुईच्या तपासणीत काय आलं? डॉक्टरबाई काय म्हणाल्या? वाट बघण्यात अर्थ नाही म्हणाल्या ना? आणि तू चंद्र बघत बसलीस!”

“चौथ्यांदा आला,” थोरली शांतपणे म्हणाली. “चारदा गेले, चारही वेळा चंद्र. अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात त्यात. तूच सांग, असं उगाच होतं का?”

“उगाच होत नाही, तेच तर म्हणतेय मी. कोणीतरी करतं म्हणून होतं.”

तिकडून फोन बंद झाला. धाकटीने ओलं वर्तमानपत्र उचललं, झटकलं आणि घडी घातली. घडी वाकडी झाली म्हणून उलगडून पुन्हा घातली. तिला वाकडी घडी बघवत नसे.

छापखान्याच्या बांधणी खात्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पुस्तक शिवायला जाण्याआधी प्रत्येक फर्मा, म्हणजे छापील पानांची घडी, तिच्या हाताखालून जायचा. कोरं राहिलेलं पान, उलटं लागलेलं पान, शाई फासलेला कोपरा, जे असेल ते ती काढून बाजूला टाकायची. तिथे सगळे तिला ‘भिंग’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. रोज आठ तास नुसत्या चुका शोधणारं माणूस घरी येऊन काय गाणी म्हणणार? ती दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचायची, औषधाच्या दुकानात गोळ्या काउंटरवरच मोजून घ्यायची, आणि कोणी गोड बोललं की आधी त्याच्या हाताकडे बघायची. तिचं लग्न का झालं नाही, असं कोणी विचारलं की थोरली म्हणायची, “मुलगे आले होते. हिने नापास केले.”

थोरलीही त्याच छापखान्यात होती. सुरुवातीची आठ वर्षं तिनेही बांधणीत काढली, फर्मे जुळवले, धाकटीला हात धरून तिनेच शिकवलं. मग ती वरच्या मजल्यावर गेली, मुद्रितं तपासायच्या खोलीत. तिथे तिचं काम होतं मोठ्याने वाचायचं. लेखकाची मूळ प्रत तिने वाचायची आणि समोरच्या तपासनिसाने छापील कागदावर बोट फिरवत जायचं. नुसते शब्द वाचून भागत नसे, खुणाही वाचायच्या. ‘तो आला, स्वल्पविराम, बसला, स्वल्पविराम, आणि रडू लागला, पूर्णविराम.’ कायद्याची पुस्तकं, शाळेची पुस्तकं, रसायनाची पुस्तकं, सगळी तिने याच एका आवाजात वाचली होती. जिन्यात उभं राहिलं तरी ऐकू यायचं. नवीन आलेले कामगार आधी हसायचे आणि महिन्याभरात तो आवाज नसेल त्या दिवशी ‘आज ताई नाहीत का?’ म्हणून विचारायचे.

आता त्याच गळ्यात, घाटीच्या खाली, लिंबाच्या बीएवढी गाठ निघाली होती आणि हळूहळू लिंबाएवढी व्हायला बघत होती. ती काढायची होती. पुढे काय ते काढल्यावर कळणार होतं. आणि ही बाई पत्ते काढून घेत होती!

धाकटीला खात्री होती, यात कुठेतरी पाणी मुरतंय. तिने मनातल्या मनात आरोपी उभे केले. पहिली ती पत्तेवाली. तिला गिऱ्हाईक धरून ठेवायचं असणार. दुसरे भाऊजी, थोरलीचे यजमान. या माणसाने तीस वर्षांत एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं आणि एकदाही ‘हो’ म्हटलं नव्हतं. बायकोच्या गळ्यात गाठ निघाल्यावरसुद्धा ते म्हणाले, “तिला पटेल तसं.” असल्या माणसांना लोक सज्जन म्हणतात. धाकटी त्यांना लाकूड म्हणायची, आणि लाकडाचासुद्धा काहीतरी उपयोग असतो असं वर जोडायची.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती पत्तेवालीकडे गेली.

ती एका गल्लीतली कपडे अल्टर करायची टपरीवजा खोली निघाली. पुढे शिलाई मशीन, खुंटीला टाचण्या लावलेल्या पँटी, मागे एक पडदा आणि पडद्यामागे गोल टेबल. धाकटीला मेणबत्त्या, धूर, काळी झूल असलं काहीतरी अपेक्षित होतं. तिथे टेबलावर खडूचे तुकडे आणि बिस्किटांचा पुडा होता. पत्तेवाली पन्नाशीची, चष्मा नाकावर घसरलेली, तोंडात दोन टाचण्या.

“पँट की पत्ते?” तिने टाचण्या न काढता विचारलं.

“माझी बहीण येते तुमच्याकडे. मुद्रितं वाचणारी.”

पत्तेवालीने टाचण्या काढल्या. नीट, एकेक करून उशीला टोचल्या. बायकांनी वेळ काढायचा असला की त्या असंच काहीतरी करतात, हे धाकटीला माहीत होतं.

“हां,” ती म्हणाली. “बसा.”

“बसायला नाही आले. तुम्ही तिला ऑपरेशन करू नको म्हणून सांगताय. तिचं काही बरंवाईट झालं तर मी ही खोली डोक्यावर घेईन, एवढंच सांगायला आले.”

“मी असं कधी म्हटलं नाही.”

“चारदा चंद्र काढलात.”

“मी काढत नाही हो. मी पसरते, त्या काढतात. माझं बोट लागत नाही.”

“पसरणाऱ्याला ठाऊक असतं कुठला कुठे आहे ते.”

पत्तेवाली हसली नाही, चिडलीही नाही. त्यामुळे धाकटीचा संशय आणखी वाढला. खरा माणूस चिडतो, असा तिचा अनुभव होता.

“हे बघा,” पत्तेवाली म्हणाली, “मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, हा घाबरलेल्या माणसाचा पत्ता आहे. तुम्ही कशाला घाबरलाय ते आधी बोला. त्या म्हणाल्या, कशालाच नाही. घरी जाऊन त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, ते त्यांना विचारा. दुसऱ्यांदा चंद्र आला तेव्हा मला नवल वाटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. चौथ्या खेपेला मी गठ्ठाच बदलला. दुकानातून तेव्हाच आणलेला दुसरा, कोरा. तरी चंद्र! वीस वर्षं करतेय मी हे. अंगावर काटा आला माझ्या.”

“छान सांगता.”

“आता तुम्ही विश्वास ठेवू नका. तुमचा तो चेहराच नाही.” तिने खण उघडला आणि पत्त्यांचा डबा टेबलावर ठेवला. वर छोटी पुस्तिका. “हा तो नवा गठ्ठा. घेऊन जा. मला तो नकोय इथे.”

“फुकट?”

“फुकट.”

“का?”

“अहो, भीती वाटते म्हणून! किती वेळा सांगू?”

पत्ते काढणारी बाई पत्त्यांना घाबरते, हे नाटक धाकटीला मुळीच पटलं नाही. पण डबा तिने उचलला. पुरावा कोणी आपणहून देत असेल तर तो कोण सोडतो?

घरी आल्यावर तिने जेवणाचं टेबल पुसलं, हात धुतले आणि डबा उघडला. आयुष्यात पहिल्यांदाच ती असले पत्ते हातात घेत होती. आधी तिने ते मोजले. अठ्ठ्याहत्तर. मग कागद पाहिला. जाड आहे, पण लॅमिनेशन स्वस्तातलं. लाल शाई ओळीबाहेर सांडलेली. मग चित्रं पाहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. एक माणूस पालथा पडलाय आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी. तीन तलवारी आरपार गेलेलं एक काळीज. वीज पडून कोसळणारा मनोरा आणि त्यातून खाली उड्या टाकणारी माणसं. एक जण पायाने उलटा टांगलेला, तरी चेहरा असा, जणू बसची वाट बघतोय.

“ही चित्रं बघून ऑपरेशनला कोण जाईल?” ती भिंतीला म्हणाली.

आणि चंद्र. वर चेहरा असलेला चंद्र, डोळे मिटलेले. खाली एक कुत्रा आणि एक लांडगा तोंड वर करून भुंकताहेत. त्याच्याही खाली पाण्यातून एक खेकड्यासारखं काहीतरी बाहेर येतंय. पुस्तिकेत लिहिलं होतं: ‘सरळ आल्यास, भ्रम व भीती; दिसते ते तसे नसते, निर्णय घाईने घेऊ नये. उलटा आल्यास, भीती ओसरू लागते.’ म्हणजे प्रत्येक पत्त्याला दोन तोंडं. सरळ पडला तर एक, उलटा पडला तर दुसरं. पळून जायला वाट ठेवलीय, धाकटी म्हणाली. असली वाट आमच्या खात्यात कोणाला मिळत नाही.

पण तिने पत्ते पिसले. पुस्तिकेत सांगितलं होतं तसा खोल श्वास घेतला, आणि श्वास घेतल्याबद्दल स्वतःला शिवी दिली. डोळे मिटून विचारलं, ‘ताई बुधवारी जाईल का?’ पत्ता ओढला. उलटा टांगलेला निघाला, तोही उलटा, म्हणजे पायांवर उभा. याचा अर्थ काय घ्यायचा? पुस्तिका म्हणाली, हट्ट. कोणाचा? पुस्तिका गप्प.

एकच प्रश्न दोनदा विचारू नये, असं त्यात ठळक छापलं होतं. धाकटीने तो पाच वेळा विचारला. दुसऱ्या वेळी पेले आले, तिसऱ्या वेळी काठ्या, चौथ्या वेळी तीन तलवारींचं काळीज. ते आलं तेव्हा तिच्या तळहाताला घाम सुटला. रागारागाने तिने तळहात साडीला पुसला. कागद आहे हा! रंगवलेला, कापलेला, वाईट कापलेला कागद! हजारो टन असला कागद तिने उचलला होता. आणि तरी तिने पाचव्यांदा विचारलं.

चंद्र.

खोलीत कोणी नव्हतं. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. धाकटी बराच वेळ त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने चंद्र गठ्ठ्यात खुपसला, गठ्ठा दोन्ही हातांनी धरला आणि टेबलावर ठकठक आपटला. आधी बूड, मग कडा. ही तिची सवय. कागदांचा कुठलाही ढीग हातात आला की तो ठोकून सारखा केल्याशिवाय तिला खाली ठेवता येत नसे.

सगळ्या कडा एका पातळीत आल्या. एक सोडून. मधेच एक बारीक चीर दिसत होती. तिने तिथे नख घातलं आणि पत्ता ओढला.

चंद्र केसभर आखूड होता.

शनिवारी सकाळी तो पत्ता घेऊन ती कटिंग मशीनवरच्या काकांकडे गेली. काकांनी पत्ता डोळ्यांसमोर नेलासुद्धा नाही. अंगठा कडेवरून फिरवला.

“कोपऱ्यातला आहे,” ते म्हणाले. “मोठ्या तावावर हे सगळे पत्ते एकदम छापतात. कापताना ताव हलला की कोपऱ्यातल्यावर सुरी चढते. कोणी कापलंय हे? हात तोडला पाहिजे.”

“म्हणजे याच एका गठ्ठ्यात असं झालं असेल?”

“छे. त्या लॉटातल्या सगळ्या गठ्ठ्यांत. हाच पत्ता सगळीकडे खुजा. का गं भिंगा, जुगार सुरू केलास की काय?”

“जुगारच म्हणा,” धाकटी म्हणाली, आणि दिवसभर तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सापडली! पत्तेवालीला हे माहीत होतं. तिचे दोन्ही गठ्ठे एकाच दुकानातले, एकाच लॉटातले असणार. आखूड पत्ता कुठे आहे ते तिला कळत होतं आणि पसरताना ती तो बरोबर थोरलीच्या हाताखाली आणत होती. वर ‘भीती वाटते’ म्हणून गठ्ठा गळ्यात मारला. कशी बनेल बाई!

आता हे सगळं थोरलीला सरळ सांगायला हवं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण धाकटीने विचार केला, सरळ सांगितलेलं ताईने गेल्या तीन महिन्यांत ऐकलंय का? डॉक्टरांचं ऐकलं नाही, रिपोर्टाचं ऐकलं नाही. पत्त्यांचं ऐकते ना? मग पत्तेच बोलतील.

तिने शनिवारची संध्याकाळ त्यात घालवली. आधी चंद्र काढून पर्समध्ये टाकला. मग तलवारी, मनोरा, मृत्यू, सैतान, रडणारी, पडलेली, टांगलेली सगळी माणसं बाजूला केली. एकोणीस पत्ते गेले. उरले ते सूर्य, तारे, फुलं, पेले भरून हसणारी कुटुंबं. कुठलाही काढा, चांगलाच येणार. मग तिने तो गठ्ठा व्यवस्थित लावला, ठोकला आणि डब्यात भरला. रात्री तिला छान झोप लागली. लबाडी चांगल्या कामासाठी केली की माणसाला झोप लागते, हीच तर गोची आहे.

रविवारी दुपारी ती थोरलीकडे गेली. भाऊजी दाराशीच चप्पल घालत होते.

“तुम्ही दोघी बोला,” ते म्हणाले. “मी जरा जाऊन येतो.”

“कुठे?”

“असंच.”

“जा,” धाकटी म्हणाली. “तुम्हाला पटेल तसं.”

थोरली खिडकीजवळ बसली होती. गळ्याभोवती पातळ रुमाल. गाठ दिसू नये म्हणून ती अलीकडे तो बांधायची, आणि त्यामुळे सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथेच जायचं. टेबलावरचा डबा पाहून ती थबकली.

“हे कुठून आलं?”

“तुझ्या पत्तेवालीकडून. मी शिकतेय.”

“तू?”

“का, मी शिकू नये? म्हटलं, माझ्या हाताने एकदा बघू. तिच्या हाताने चारदा झालं. माझ्या हाताने काही वेगळं आलं तर ऐकशील?”

थोरलीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रुमाल सारखा केला. “पसर,” म्हणाली.

धाकटीने पत्ते पालथे पसरले, कमानीसारखे, पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे. थोरलीने उजव्या हाताचं पहिलं बोट कमानीच्या डाव्या टोकाला टेकवलं आणि कडेकडेने फिरवत नेलं, हळू, न दाबता. उजव्या टोकाला पोचल्यावर थांबली. पुन्हा डावीकडे आली आणि पुन्हा तशीच गेली. मग कुठलेतरी तीन पत्ते भराभर काढून पुढे सरकवले.

धाकटीने पहिला उलथला. सूर्य. “बघ!” दुसरा, घोड्यावरचा राजपुत्र, हातात पेला. तिसरा, तारा. “बघ, बघ! आता बोल.”

थोरलीने कमानीतला आणखी एक पत्ता उलथला. मग आणखी एक. मग दोन्ही हातांनी सगळे उताणे केले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मग ते गोळा केले आणि मुठीत धरून अंगठ्याने दाबले.

“साठाच्या आत आहेत,” ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला.

“आणि एकही उलटा नाही. एकूण एक सरळ. डोकं वर, पाय खाली. पत्ते पिसले की निम्मेअर्धे उलटे पडतात गं, त्या बाईकडे दर खेपेला पडतात. तू डोकी जुळवून ठेवलीस. ढीग हातात आला की डोकी एका बाजूला, हे तुला मीच शिकवलं. वेडे, लबाडी करायची तर बांधणी खातं घरी तरी ठेवून यायचं होतंस!”

आणि ती हसायला लागली. धाकटीला हसू आलं नाही. पकडलं गेलं की तिला आधी राग येत असे आणि राग आला की तिचं डोकं चालायला लागत असे.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “तू काय शोधत होतीस?”

“कुठे काय?”

“बोट फिरवत होतीस कडेवरून. दोनदा. पत्ता असा काढतात होय? पत्ता काढणारा मधेच कुठेतरी बोट ठेवतो. तू चाचपत होतीस.” धाकटीने पर्स उघडली आणि चंद्र टेबलावर आपटला. “हा शोधत होतीस.”

थोरलीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“बांधणीत आठ वर्षं होतीस तू. केसभर आखूड कागद तुझ्या बोटाला कळणार नाही? ती बाई काढत नव्हती. तू काढत होतीस. तूच!”

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी ‘वर ये, वर ये’ म्हणून हाका मारत होतं. थोरलीने चंद्र उचलला आणि कडेवरून अंगठा फिरवला, अगदी काकांनी फिरवला होता तसाच.

“पहिल्यांदा आपोआप आला,” ती म्हणाली. “देवाशपथ. तेव्हाच हाताला लागलं की हा आखूड आहे. त्या बाईने विचारलं, कशाला घाबरता? मी म्हटलं, कशाला नाही. घरी आले आणि तुम्हाला म्हटलं, पत्ता थांब म्हणतोय. तुम्ही सगळे पत्त्यावर तुटून पडलात. तू त्या बाईला शिव्या दिल्यास, यांनी मान हलवली. मला कोणी काही विचारलं नाही. फार बरं वाटलं मला. मग मी तोच काढत गेले.”

“अगं, पण नवीन गठ्ठ्यातही?”

“तिथेही तोच आखूड निघाला. मला वाटलं, चला, आपलं नशीबच बरं.”

“नशीब!” धाकटी ओरडली. “त्या बाईला कापरं भरलंय तिकडे! मी तिच्या दारात जाऊन तिला नाही नाही ते बोलून आले! घाबरलीस तर तसं सांगायचं!”

“कोणाला सांगू? तुला? तू म्हणाली असतीस, घाबरायचं काय त्यात. डॉक्टर म्हणाल्या, काळजी करू नका, शंभरात एखाद्यालाच होतं. हे म्हणाले, तुला पटेल तसं. घाबरलेय म्हटलं की सगळे थोपटायला लागतात. थोपटून घ्यायचा मला कंटाळा आलाय.” तिने गळ्यावरचा रुमाल सोडला. “गाठीच्या बाजूनेच आवाजाची नस जाते म्हणे. मला मरायची नाही तेवढी भीती वाटत. वरच्या खोलीत बसून तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही तर? आवाज गेला तर मी कोण? तेवढं सांग.”

धाकटीकडे तयार वाक्यं होती. ‘काही होत नाही.’ ‘त्या डॉक्टरबाईंचा हात फार चांगला आहे.’ तीन महिने ती हीच वाक्यं फेकत आली होती. आता तिने ती तोंडाशी आणली आणि एखादा खराब फर्मा काढून टाकावा तशी काढून टाकली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

थोरलीने वर पाहिलं.

“खरंच माहीत नाही, ताई. मलाही भीती वाटते. परवा मी एकटीने पत्ते काढले, पाच वेळा. हात ओले झाले माझे. तू गेलीस तर काय आणि तुझा आवाज गेला तर काय, दोन्हीला माझ्याकडे उत्तर नाही. पण गाठ वाढतेय. ती वाट बघत नाही.”

थोरलीने पुस्तिका उचलली आणि धाकटीच्या हातात दिली.

“वाच.”

“काय?”

“हे. मोठ्याने. खुणांसकट. माझ्या जागेवर कोणीतरी लागेलच ना? बघू तुला जमतं का.”

“चंद्र,” धाकटीने सुरुवात केली. “सरळ आल्यास, भ्रम व भीती...”

“स्वल्पविराम खाल्लास. ‘आल्यास’नंतर.”

“सरळ आल्यास, स्वल्पविराम, भ्रम व भीती, दिसते ते...”

“अर्धविराम! अर्धविराम आहे तिथे. आणि असं काय वाचतेस, मेंढ्या हाकल्यासारखं?”

“मग तूच वाच की!”

थोरलीने पुस्तिका हिसकून घेतली आणि वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, त्या वरच्या मजल्यावरच्या आवाजात. वाचून झाल्यावर ती मिटून ठेवली.

“भंगार छापलंय,” ती म्हणाली. मग फोन ओढला. रविवार असला तरी वॉर्डात कोणीतरी फोन उचलतंच. तिने नाव सांगितलं, तारीख सांगितली आणि म्हणाली, “हो, येतेय. बुधवारी. पूर्णविराम.”

बुधवारी सकाळी सात वाजता वॉर्डातल्या परिचारिकेने संमतिपत्र आणलं आणि पेन पुढे केलं. “इथे सही करा, मावशी.”

थोरलीने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. कोपऱ्यात डबा उघडणारा माणूस थांबला. “शस्त्रक्रियेदरम्यान आवाजाच्या नसेला इजा होऊन, स्वल्पविराम, आवाज घोगरा होणे, स्वल्पविराम, किंवा कायमचा जाणे, स्वल्पविराम, असे होऊ शकते, पूर्णविराम.” तिथे ती जराशी थांबली. मग पुढे वाचत राहिली. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. धाकटीने ते पाहिलं. खोटं तर नाही ना, म्हणून पुन्हा पाहिलं. खोटं नव्हतं.

“मावशी, एवढं कोणी वाचत नाही हो,” परिचारिका म्हणाली.

“म्हणूनच ही ओळ दोनदा छापली गेलीय,” थोरली म्हणाली आणि सहावी ओळ दाखवली. “आधी खोडा. मग सही.”

परिचारिकेने ओळ खोडली. थोरलीने सही केली. चाकाची खाट ढकलत तिला आत नेलं तेव्हा तिने धाकटीकडे बघून नुसता हात वर केला, बोलली नाही. आवाज जपून ठेवत असावी.

दार मिटलं. धाकटी बाकावर बसली. मांडीवर थोरलीची फाइल होती, रिपोर्ट, पावत्या, फोटो, सगळं कोंबलेलं. तिचे हात आपोआप चालू लागले. तिने कागद बाहेर काढले, ठोकले, बूड आणि कडा. मधे काहीतरी आखूड लागलं.

चंद्र. सुईच्या रिपोर्टाला चिकटून, उलटा.

तिने तो ओढायला नख घातलं आणि थांबली. उलटा आल्यास भीती ओसरू लागते, म्हणून ताईने मुद्दाम असा ठेवला होता की घाईघाईत कसाही कोंबला? तिला ठरवता येईना. बावीस वर्षांत हातात आलेला एकही कागद तिने उलटा राहू दिला नव्हता. शेजारी भाऊजी येऊन बसले. धाकटीने कागद परत फाइलमध्ये घातले. चंद्र होता तसाच राहू दिला, आणि बंद दाराकडे बघत बसली.